एक्केचाळीस पुस्तकांचा क्रम

"वच्छे, एकोणीस तारखेले रिकामी आहे ना तू?"

अकोल्याहून शाइस्ताचा फोन आला तेव्हा वच्छलाबाई चटणीसाठी दाणे भाजत होत्या. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून त्या म्हणाल्या, "रिकामीच आहे. काहून?"

"जठारपेठेतल्या बायांचं वाचन मंडळ आहे. त्यायनं या महिन्यात माह्यं पुस्तक घेतलं. कोणीतरी त्याच्यावर बोलाले पाहिजे म्हणे. म्या तुह्यं नाव सांगतलं. दहाच मिनिटं बोलजो, जास्त नाही."

"मी?"

"तू नाही तं कोण? एकतीस वर्षं पुस्तकातच होती ना तू?" शाइस्ता हसली आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "वाचलं ना?"

दाणे करपल्याचा वास आला. वच्छलाबाईंनी गॅस बंद केला.

"वाचलं ना," त्या म्हणाल्या. "कधीचंच."

हे साफ खोटं होतं. शाइस्ताचं 'फळ्याची डावी बाजू' हे पुस्तक दीड वर्षापूर्वी पोस्टानं अमरावतीला आलं होतं. गणिताच्या शिक्षिकेच्या आठवणी, पानं एकशे चौऱ्यांशी. आत शाइस्ताच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'वच्छीले, जिले सगळं माहीत आहे.' तेवढी ओळ वाचून वच्छलाबाईंनी पुस्तक मिटलं होतं, ते मिटलंच होतं.

पुस्तक एकटं नव्हतं, ही त्यांची सोय होती. साईनगरमधल्या घरात, त्यांच्या खोलीत, शिलाई मशीनच्या फळीवर न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग होता. प्रदर्शनातून आणलेली, निवृत्तीच्या वेळी मिळालेली, कोणाकोणाकडून वाचायला म्हणून मागून आणलेली. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी ती सगळी पलंगावर मांडून मोजली. एक्केचाळीस भरली. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी चाळीस हजार पुस्तकांना नंबर दिले होते. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, हे त्या डोळे मिटून सांगत. आणि आता घरातल्या एक्केचाळीस पुस्तकांत पहिलं कोणतं वाचायचं, हे त्यांना ठरवता येईना.

म्हणजे ठरवता येत होतं. जे ठरत होतं ते नको होतं.

जुन्या डायरीत त्यांनी पहिली यादी केली ती आलेल्या तारखेप्रमाणे. जे आधी आलं ते आधी वाचायचं, ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीसारखं. हा न्याय सरळ होता. त्यात शाइस्ताचं पुस्तक एकोणतिसावं आलं. एकोणीस तारखेला बारा दिवस होते. बारा दिवसांत अठ्ठावीस पुस्तकं संपणार नाहीत, एवढं गणित शाइस्ताची मैत्रीण असल्यामुळे त्यांना येत होतं. त्यांना क्षणभर हायसं वाटलं. लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली, आणि त्यांनी यादी खोडली.

दुसरी यादी जाडीप्रमाणे. बारीक पुस्तकं आधी. यात ते नववं आलं. आठ बारीक पुस्तकं आणि मग ते, म्हणजे अगदी होण्यासारखं होतं. हे लक्षात आल्याबरोबर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांना आठवलं की मागून आणलेली पुस्तकं आधी परत करायला हवीत, लोकांची वस्तू ठेवून घेणं बरं नाही. ती सात होती, त्यांतली दोन चांगली जाडजूड. तिसऱ्या यादीत ती वर गेली आणि 'फळ्याची डावी बाजू' पुन्हा खाली सरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी वाचायला घेतलं. भरडधान्यांवरचं एक पुस्तक होतं, साठ पानांचं. दुपारपर्यंत अकरा पानं झाली आणि अकराव्या पानावर त्यांच्या लक्षात आलं की राळा आणि वरई यांत फरक काय, हे आपण तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा विसरलो. डोळे ओळीवरून जात होते, मन मशीनच्या फळीकडे होतं.

असे पाच दिवस गेले. त्यांच्या झोपेचं खोबरं झालं. सून रश्मी सगळं बघत होती. यजमान खुशालराव गेल्यापासून घरात तिघंच, त्या, मुलगा योगेश आणि रश्मी. योगेश दिवसभर बाहेर. रश्मीनं एके सकाळी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि आकडा पाहून ओठ मिटले.

"आई, गोळी घेतली ना?"

"घेतली."

"मंग एवढं काहून वाढलं? भाषणाचं टेन्शन आहे का तुमाले?"

"नाही गं. पुस्तकं वाचायची राहिली, त्याचं."

रश्मीनं पलंगावरची डायरी उचलली. एव्हाना तिच्यात सहा याद्या झाल्या होत्या. ठळक अक्षरांची आधी, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षच झालं होतं. चर्चेला संदर्भ लागेल अशी आधी. स्त्रियांच्या आठवणींची इतर पुस्तकं आधी, म्हणजे तुलना करता येईल. रश्मीनं पानं उलटली, पुन्हा मागे गेली, आणि म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नका. तुमच्या सगळ्या याद्या शाइस्ता मावशीच्या पुस्तकापाशी येतात आणि मंग नियम बदलतो."

वच्छलाबाईंनी डायरी तिच्या हातातून घेऊन मिटली.

"ज्याच्यावर बोलायचं तेच वाचलं नाही तुमी अजून. असं करू, मी वाचते. दोन दिवसांत वाचून तुमाले सांगते काय काय आहे त्यात."

रश्मीनं हात पुढे केला आणि ढिगातून ते पुस्तक ओढलं. वच्छलाबाईंनी ते तिच्या हातातून इतक्या जोरानं हिसकलं की वरची चार-पाच पुस्तकं खाली पडली.

"नको! तू वाचू नको."

रश्मी बघतच राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, सासूचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता. तिनं पडलेली पुस्तकं गोळा केली, फळीवर ठेवली आणि चहा टाकायला निघून गेली. वच्छलाबाई पुस्तक पोटाशी धरून बसून राहिल्या.

त्यात काय लिहिलं असेल याची त्यांना भीती होती, कारण काय घडलं होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्या दोघी अंबागेटच्या आतल्या गल्लीत एका खोलीत राहत होत्या. दोघी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वच्छला दर्यापूरकडच्या गावातली, शाइस्ता अकोल्याची. खोली वच्छलाच्या नावानं घेतलेली. घरमालकिणीनं दुसरीचं नाव विचारलं नाही आणि या दोघींनीही सांगितलं नाही. शाइस्ता इतकी ठेठ वऱ्हाडी बोलायची की कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. सात महिने तसे गेले. मग एका रविवारी शाइस्ताचे अब्बा हुसेनभाई डबा घेऊन लेकीला भेटायला आले. डोक्यावर टोपी, हातात शीरखुर्म्याचा डबा. घरमालकिणीनं त्यांना फाटकातून आत येताना पाहिलं.

वच्छला तेव्हा एका लग्नासाठी गावी गेली होती. मंगळवारी यायची, ती सोमवारी पहाटेच्या पहिल्या एसटीनंच आली. शाइस्ता कॉलेजात गेलेली होती. वच्छलानं पिशवी खाली ठेवली नाही तोच घरमालकीण वर आली.

"ते पोरगी आज इथून जाईन," ती म्हणाली. "तिचं सामान तुमीच बांधा. मी हात लावत नाही. आणि मधात पडसान तं तुमच्या बापाले आजच कार्ड टाकते, पोरगी कोणासंगं राह्यते म्हणून."

वडिलांनी आधीच तिला मोठ्या मुश्किलीनं अमरावतीला ठेवलं होतं. असं कार्ड गेलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन गेले असते आणि शिक्षण तिथेच थांबलं असतं. वच्छला एकवीस वर्षांची होती. तिनं शाइस्ताची ट्रंक ओढली आणि भरायला घेतली.

दुपारी शाइस्ता आली तेव्हा ट्रंक खाली ओट्यावर ठेवलेली होती. घरमालकिणीनं तिला फाटकातच अडवलं. वर खोलीत वच्छला कडी लावून उभी होती. तिला सगळं ऐकू आलं. शाइस्ता भांडली नाही. तिनं एकच विचारलं, "वच्छला आली का गावाहून?" घरमालकीण म्हणाली, "नाही."

दोन दिवसांनी कॉलेजात शाइस्ता भेटली. ती नात्यातल्या कोणाकडे राहायला गेली होती. "तू गावीच होती ना?" तिनं विचारलं. वच्छलानं मान हलवली. आणि परीक्षा होईपर्यंत, आणखी चार महिने, ती त्याच खोलीत राहिली.

एवढीच गोष्ट. मैत्री त्यानंतरही टिकली, वाढलीच. शाइस्तानं ती गोष्ट कधी काढली नाही आणि वच्छलाबाईंनी सांगितली नाही. आता शाइस्तानं आयुष्य लिहून काढलं होतं. तिला कधी ना कधी कळलं असेल, कोणी सांगितलं असेल, तर ते या पुस्तकात असणार. 'जिले सगळं माहीत आहे' याचा अर्थ काय घ्यायचा, हे वच्छलाबाईंना दीड वर्षात उमगलं नव्हतं.

एकोणीस तारखेला रश्मीनं त्यांना स्कूटरवरून बडनेरा स्टेशनवर सोडलं. पिशवीत त्यांनी तीन पुस्तकं घेतली होती. भरडधान्यांचं, एक प्रवासवर्णन आणि तिसरं शाइस्ताचं. गाडी निघाल्यावर त्यांनी पहिलं उघडलं आणि मिटलं. दुसरं उघडलंच नाही. मूर्तिजापूर आलं, समोरची बाई उतरली, डबा थोडा रिकामा झाला. आता पुढचं स्टेशन अकोला.  त्यांनी 'फळ्याची डावी बाजू' काढलं आणि अनुक्रमणिका पाहिली. सातवं प्रकरण, 'अंबागेटची खोली'. पान एकसष्ट.

त्यांनी तेच पान काढलं.

शाइस्तानं लिहिलं होतं: 'त्या दिवशी वच्छला गावी होती. ती असती तर स्वतःची पेटी उचलून माझ्याबरोबर बाहेर पडली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. घरमालकिणीचा मला फार दिवस राग होता. पण ट्रंक उघडली तेव्हा मी चकित झाले. पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून एकावर एक लावलेली होती. शाईची दौत एका रुमालात घट्ट बांधून कपड्यांच्या मधोमध ठेवली होती, सांडू नये म्हणून. मला घराबाहेर काढणाऱ्या हातांनी माझी एवढी काळजी का घेतली? माणूस पूर्ण वाईट नसतो, हे मी त्या ट्रंकेपासून शिकले. पुढे पस्तीस वर्षं वर्गात कोणत्याही मुलीला मी पूर्ण वाईट समजले नाही, त्याचं श्रेय त्या बाईला आहे.'

वच्छलाबाईंनी ते दीड पान पुन्हा वाचलं. त्यांना वाटलं होतं, आरोप असेल. आरोप असता तर मान खाली घालून ऐकला असता. बाहेर काळी शेतं मागे पळत होती. याच पुस्तकावर संध्याकाळी बोलायचं होतं. पंधरा-वीस बाया समोर बसून म्हणणार, ह्याच त्या वच्छला.

शाइस्ता स्टेशनवर घ्यायला आली होती. पांढरे केस, ढिला कुर्ता, चालायला अजून झपाझप. ऑटोत ती बोलत होती आणि वच्छलाबाई नुसत्या हुंकार देत होत्या. घरी पोचल्यावर तिनं ताटं घेतली. ती वरण वाढत असताना वच्छलाबाई म्हणाल्या, "शाइस्ता, ते ट्रंक म्या भरली होती."

"कोणती ट्रंक?"

"अंबागेटची."

शाइस्ताचा हात थांबला. "तू तं गावी होती."

"पहाटेच्या गाडीनं आली होती. वरच होती खोलीत. कडी लावून. तू फाटकात बोलत होती, सगळं ऐकू येत होतं मले."

शाइस्तानं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि खुर्चीवर बसली.  मग तिनं विचारलं, "दौत तू बांधली?"

"हाव."

"तो रुमाल?"

"माहा होता."

"म्या तो त्या बाईचा समजून ठेवला, वच्छे. किती वर्षं." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "ती बाई मेली तेव्हा मी अमरावतीले तिच्या पोरीले भेटाले गेली होती. तिले म्हटलं, तुह्या आईनं माही दौत सांडू देली नाही. ते पोरगी माह्या गळ्यात पडून रडली."

वच्छलाबाईंना हे माहीत नव्हतं.  त्या म्हणाल्या, "तिनं बाबाले कार्ड टाकते म्हटलं. मले भेव लागलं."

"तेव्हाचं समजते मले. एकवीस वर्षांची होती तू. पण मंग? तुह्या योगेशच्या लग्नात मी तीन दिवस तुह्या घरी राह्यली. एका गादीवर झोपलो आपण. तेव्हा कोणतं कार्ड जाणार होतं?"

वच्छलाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. 

"आज मी सगळ्यायसमोर सांगते," वच्छलाबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं आहेत ना, त्यात हेच सांगते."

"नाही." शाइस्ता उठली. "तिथं सांगशीन तं बाया टाळ्या वाजवतीन. किती मोठं मन म्हणतीन. मले त्या टाळ्या नको. तुहा घसा बसला म्हणून सांगते मी. तू नुसती बस."

वरण थंड झालं. दोघींनी दोन-दोन घास खाल्ले आणि ताटं उचलली.

कार्यक्रम मंडळाच्या अध्यक्ष गीतांजलीताईंच्या घरी, वरच्या हॉलमध्ये होता. सतरंजीवर अठरा-वीस बाया, काहींच्या हातात पुस्तक, काहींच्या पुस्तकात कागदाच्या खुणा. शाइस्तानं सांगितलं की पाहुण्यांचा घसा बसला आहे, म्हणून मीच थोडं वाचते. तिनं बीजगणितात नापास होणाऱ्या एका मुलीचा प्रसंग वाचला. बाया हसल्या. वच्छलाबाई दुसऱ्या रांगेत, मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या. मग प्रश्न सुरू झाले. चौथा का पाचवा प्रश्न आला तो खिडकीजवळच्या एका तरुण बाईचा.

"मॅडम, पुस्तकातल्या वच्छला त्या ह्याच का?"

"हो, हीच," शाइस्ता म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. त्या बाईनं वच्छलाबाईंकडे बघून हात जोडले. "मला ते प्रकरण फार आवडलं. तुम्ही त्या दिवशी गावी नसता तर..."

वच्छलाबाईंनी तोंड उघडलं. शाइस्तानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती ग्लासातलं पाणी प्यायली आणि त्या बाईला म्हणाली, "पुस्तकात तसं लिहिलं आहे. पुढचा प्रश्न घेऊ."

परतीच्या गाडीसाठी शाइस्ता स्टेशनवर आली, पण फलाटावर दोघी पिशवीएवढं अंतर ठेवून बसल्या. गाडीची घोषणा झाली तेव्हा शाइस्तानं विचारलं, "पुस्तक पूर्ण वाचलं का तू?"

"नाही. तेवढंच प्रकरण. आज, गाडीत."

"दीड वर्ष काय करून राह्यली होती मंग?"

"याद्या करत होती. कोणतं आधी वाचाचं त्याच्या."

शाइस्तानं मान हलवली, रागानं की कशानं ते वच्छलाबाईंना कळलं नाही. "घरी जाऊन सगळं वाच. पहिल्या पानापासून. वाचून झालं की फोन कर. त्याच्याआधी करू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच्या फळीवरची चाळीसही पुस्तकं कपाटात टाकली, डायरी रद्दीत दिली आणि 'फळ्याची डावी बाजू' पहिल्या पानापासून घेतलं. चार दिवस लागले. एकशे चौऱ्यांशी पानांपैकी त्या जेमतेम सात पानांवर होत्या. उरलेल्या पानांवर शाइस्ता होती. तिची पहिली मुलगी तापानं गेली एवढंच त्यांना ठाऊक होतं. ती गेल्यावर शाइस्ता दीड महिना फळ्यावर आकडे लिहिताना मधलाच एक आकडा विसरायची आणि वर्गातल्या मुली गुपचूप तो आपल्या वहीत भरून घ्यायच्या, हे त्यांना आता कळलं. नवऱ्याच्या आजारपणात ती पहाटे चारला उठून शिकवण्या घ्यायची, हेही. त्याच काळात दोघी दर पंधरा दिवसांनी फोनवर बोलत होत्या. आपण काय बोलायचो, हे वच्छलाबाई आठवत राहिल्या. मुलांच्या परीक्षा, उन्हाळी वाळवणं. आपल्या दीड पानाच्या भीतीपायी आपण हे सगळं पुस्तक मिटून ठेवलं, हे मात्र त्यांना फार लागलं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, शाइस्तानं उचलला नाही. दुपारी पुन्हा लावला, नाही उचलला. संध्याकाळपर्यंत वच्छलाबाई फोन हातात घेऊन घरभर फिरत होत्या. रश्मीनं काही विचारलं नाही, फक्त त्यांचं ताट त्यांच्या खोलीत आणून दिलं. तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. रश्मीनं ऐकून घेतलं. "बरं झालं सांगतलं," असं ती म्हणाली नाही. "मावशीले खूप लागलं असन," एवढंच म्हणाली.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

"झालं वाचून?"

"झालं." वच्छलाबाई बोलायचं ठरवलेलं सगळं विसरल्या. "शाइस्ता, तुह्या पोरीचं... मले एवढं माहीत नव्हतं."

"तुले सांगतलं नव्हतं." पलीकडे शाइस्तानं कागद चाळले. "आइक. दुसरी आवृत्ती निघून राह्यली. ते दीड पान म्या काढलं. तिथं जागा रिकामी आहे. काय झालं होतं ते तू लिहून पाठव. तुह्या नावानं."

"तुह्या पुस्तकात?"

"माह्याच. पटलं तं ठेवीन, नाही पटलं तं ठेवणार नाही. आठ दिवस आहेत. आणि वच्छे, चांगलं लिहाच्या नादात पडू नको. झालं तसं लिही."

वच्छलाबाईंना लिहायची सवय नव्हती. पहिल्या कागदावर त्यांनी वडिलांच्या धाकाचं लिहिलं, आणि ते निमित्त सांगितल्यासारखं वाटलं म्हणून फाडलं. दुसऱ्यावर रुमालाचं लिहिलं, तेही फाडलं. मग त्यांनी एका ओळीनं सुरुवात केली, 'त्या सोमवारी मी गावी नव्हते, वरच्या खोलीत होते,' आणि पुढचं सरळ येत गेलं. चार महिने त्याच खोलीत राहिल्याचंही लिहिलं. सातव्या दिवशी त्यांनी स्वतः पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाकीट पाठवलं.

नंतरचे दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोनवर शाइस्ताचा निरोप आला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

'मिळालं. वाचून राह्यली.'